तळ्यात, मळ्यात आणि मधला क्षण

बालवाडीच्या पडवीत खडूने एक मोठे वर्तुळ काढलेले आहे. वर्तुळाच्या आत तळे, बाहेर मळा. पंधरा-सोळा मुले रेघेबाहेर उभी आहेत. ताई ‘तळ्यात’ म्हणाल्या की सगळी आत उडी मारतात, ‘मळ्यात’ म्हणाल्या की सगळी बाहेर. तळ्यात, मळ्यात, तळ्यात, मळ्यात अशी लय जमत जाते, मुलांच्या उड्या शब्दाच्या आधीच पडू लागतात, आणि मुले आत असताना ताई पुन्हा एकदा ‘तळ्यात’ म्हणतात. निम्म्याहून अधिक मुले तोवर बाहेर पोहोचलेली असतात. एका साडेचार वर्षांच्या मुलीचे मात्र काही वेगळेच होते. तिचे गुडघे वाकतात, टाचा उचलल्या जातात, हात मागे जातात, आणि उडी सुटणार एवढ्यात ती जागच्या जागी डुलते, हात हवेत फिरवून तोल सावरते आणि आतच उभी राहते. मग स्वतःलाच रंगेहाथ पकडल्यासारखी ती खुदकन हसते.

या लेखाचा विषय म्हणजे ते डुलणे. शब्द कानावर पडणे आणि अंग हलणे या दोहोंच्या मध्ये त्या मुलीने क्षणभराची जागा केली आणि त्या जागेत ‘पण ताई तर पुन्हा तळ्यातच म्हणाल्या’ एवढा विचार मावला. शिक्षणाच्या पुस्तकांत याला स्वनियमन म्हणतात. घरात आपण ‘स्वतःला आवरणे’ म्हणतो. मित्राच्या हातातली गाडी हिसकावण्याआधी थांबणे, ताई गोष्ट सांगत असताना मध्येच न बोलणे, रांगेत आपली पाळी येईपर्यंत उभे राहणे, चिडल्यावर हात न उगारणे, या सगळ्यांच्या मुळाशी तीच क्षणभराची जागा असते, आणि ती खेळातून रुंद करता येते, असे गेल्या काही दशकांतील बालमानसशास्त्राचे संशोधन सांगते. कितपत करता येते, कोणत्या खेळांनी येते आणि कोठे येत नाही, हे मात्र नीट समजून घ्यायला हवे, कारण या विषयात उत्साहाच्या भरात बरेच काही बोलले जाते.

आपल्याकडे वर्गातील संयम म्हटला की ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ हे चित्र डोळ्यांपुढे येते. त्या चित्रात मुले शांत असतात हे खरे. पण त्यांना शांत ठेवणारा आवर बाईंच्या नजरेत असतो आणि बाई पाणी प्यायला बाहेर गेल्या की तो त्यांच्याबरोबरच दाराबाहेर जातो. दोन मिनिटांत वर्गाचा बाजार होतो आणि परत आलेल्या बाईंना वाटते की मुलांना शिस्त नाही. खरे तर, त्या मुलांना स्वतःला आवरण्याचा सराव करण्याची वेळच आलेली नसते, कारण आवरण्याचे काम इतका वेळ दुसरेच कोणी करत होते. सायकल शिकताना वडिलांनी मागून सीट धरून ठेवावी आणि ती कधीच सोडू नये, तसा हा प्रकार आहे.

मानसशास्त्रज्ञ या क्षमतेची फोड साधारणपणे तीन भागांत करतात. पहिला भाग म्हणजे चालू कामाचा नियम डोक्यात धरून ठेवणे: ‘आत असताना तळ्यात म्हटले तर हलायचे नाही’ हे वाक्य खेळाच्या गडबडीतही विसरता कामा नये. दुसरा भाग म्हणजे सवयीने किंवा मोहाने आपोआप होणारी हालचाल अडवणे. तिसरा भाग म्हणजे नियम बदलला की मनाने नव्या रुळावर येणे. या तिन्हींना मिळून ‘एक्झिक्युटिव्ह फंक्शन’ असे नाव आहे, आणि त्यांचा कारभार मुख्यतः कपाळामागच्या मेंदूच्या भागाशी जोडलेला असतो. हा भाग पक्व व्हायला माणसाला वयाची विशी ओलांडावी लागते; परंतु तीन ते सहा या वर्षांत त्याची जी वाढ होते ती डोळ्यांना दिसण्याइतकी वेगवान असते. तळ्यात-मळ्यात खेळणाऱ्या तीन वर्षांच्या आणि सहा वर्षांच्या मुलाची तुलना करून पाहिली की पुस्तक उघडण्याची गरज राहत नाही.

या वाढीविषयीचा एक प्रयोग प्रत्येक पालकाने माहीत करून घ्यावा असा आहे. फिलिप झेलाझो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात लहान मुलांना चित्रांची पाने लावायला दिली. काही पानांवर ससे होते, काहींवर होड्या. रंग लाल आणि निळा. आधी पाने रंगानुसार लावायची, म्हणजे लाल ते लाल डब्यात, निळे ते निळ्या डब्यात. हे तीन वर्षांची मुले झकास करतात. मग नियम बदलतो: आता आकारानुसार लावायची, ससे एकीकडे आणि होड्या दुसरीकडे. येथे तीन वर्षांची बहुतेक मुले अडकतात आणि पाने रंगानुसारच टाकत राहतात. नवल पुढेच आहे. ‘आता ससे कोणत्या डब्यात जातील?’ असे विचारले तर तेच मूल बरोबर डब्याकडे बोट दाखवते, आणि लगेच हातात दिलेले पान मात्र चुकीच्या डब्यात टाकते. त्याला नियम ठाऊक असतो, सांगताही येतो, पण हात जुन्या नियमाने चालतो. चार-पाच वर्षांच्या सुमारास बहुतेक मुले हा अडथळा पार करतात.

‘किती वेळा सांगितलं तुला!’ हे आपल्या घराघरांतील वाक्य या प्रयोगापुढे निरुत्तर होते. मुलाला अनेकदा ते माहीत असतेच. माहीत असणे आणि करता येणे यांच्यात अजून पूल बांधलेला नसतो. पुन्हा सांगितल्याने माहितीत भर पडते, पुलात पडत नाही. त्यासाठी सराव लागतो, आणि कंटाळा न येता शंभर वेळा करता येईल असा सराव चार वर्षांच्या मुलाकडून करून घेण्याचा खेळाखेरीज दुसरा मार्ग मला तरी माहीत नाही.

वर्गातील खेळांचा असा पद्धतशीर उपयोग करून पाहणाऱ्यांमध्ये अमेरिकेतील ओरेगन राज्य विद्यापीठाच्या मेगन मॅक्लेलंड आणि शॉना टोमिनी यांचे काम महत्त्वाचे आहे. त्यांच्या खेळांपैकी सर्वांत गाजलेला खेळ रस्त्यावरच्या सिग्नलचा आहे. शिक्षिका सिग्नल होते आणि रंगीत कागदाच्या चकत्या दाखवते. पण रंग मुद्दाम नेहमीचे नसतात. जांभळी चकती दिसली की थांबायचे आणि केशरी दिसली की चालायचे. मुलांना हे अंगवळणी पडू लागले की नियम उलटा होतो: आता जांभळ्याला चालायचे आणि केशरीला थांबायचे. आणखी एका खेळात ढोलाच्या जलद ठोक्यावर भरभर आणि संथ ठोक्यावर हळूहळू चालायचे असते, आणि काही वेळाने बरोबर त्याच्या उलट. गाणे थांबले की पुतळा व्हायचे हा तर जगभरच्या मुलांचा खेळ. येथे त्याला पुढची पायरी जोडलेली असते, जलद गाण्यावर हळू नाचायचे आणि संथ गाण्यावर जलद. साहित्य म्हणून कागद, ढोल आणि एखादे गाणे एवढेच लागते.

या खेळांचे मर्म ‘उलट’ या शब्दात आहे. साधा स्टॅच्यूचा खेळ दहाव्यांदा खेळताना मूल विचार करत नाही, त्याचे अंगच ते काम करते. आणि जे काम अंगच करते त्यात आवर घालण्याचा सराव उरत नाही. नियम उलटला की जुनी सवयच अडथळा होऊन समोर उभी राहते आणि तिला अडवण्यासाठी मुलाला पुन्हा डोके वापरावे लागते. म्हणून कोणता खेळ निवडला यापेक्षा तो योग्य वेळी अवघड केला की नाही, याला अधिक महत्त्व आहे. फार लवकर उलटला तर मुले गोंधळून हसत सुटतात आणि खेळ मोडतो. फार उशिरा उलटला तर सराव कधीच संपलेला असतो. वर्गातील तीन-चतुर्थांश मुलांना जमू लागले की पुढची पायरी घ्यावी, असा माझा ढोबळ अंदाज आहे, आणि तो अनुभवाचा आहे, संशोधनाचा नाही.

मुलांची ही क्षमता मोजण्यासाठी मॅक्लेलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वापरलेली चाचणीही खेळासारखीच आहे. परीक्षक ‘डोक्याला हात लाव’ म्हणाला की मुलाने पायाच्या बोटांना हात लावायचा, आणि ‘बोटांना’ म्हटले की डोक्याला. पुढे गुडघे आणि खांदे यांचीही अशीच अदलाबदल होते. बरोबर उत्तराला २ गुण, चुकीच्या उत्तराला ०. मात्र मुलाचा हात चुकीच्या दिशेने निघाला आणि मध्येच त्याने स्वतःहून तो वळवून योग्य ठिकाणी नेला, तर १ गुण. मला या चाचणीतली सर्वांत शहाणी गोष्ट हा एक गुण वाटते. आपल्या पडवीतल्या त्या डुलणाऱ्या मुलीला येथे निम्मे गुण मिळाले असते. आपल्या नेहमीच्या परीक्षांत ‘चुकता चुकता सावरला’ या प्रकाराला काहीच मोल नसते. स्वतःला आवरण्याच्या बाबतीत मात्र शिकणे चालू असल्याची खूण तीच असते.

मग या खेळांनी फरक पडतो का? २०११ साली प्रसिद्ध झालेल्या टोमिनी आणि मॅक्लेलंड यांच्या अभ्यासात ६५ मुले होती. काही मुलांना आठ आठवडे, आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी अर्धा तास असे खेळ दिले गेले. सगळ्या मुलांचा एकत्र विचार केला तेव्हा खेळलेल्या आणि न खेळलेल्या मुलांच्या स्वनियमनात ठळक फरक दिसला नाही. पण ज्या मुलांची सुरुवात कमी गुणांनी झाली होती, त्यांच्यापुरते पाहिले तेव्हा खेळलेली मुले पुढे गेलेली दिसली. त्यानंतर गरीब कुटुंबांतील मुलांसाठीच्या ‘हेड स्टार्ट’ या सरकारी बालवाड्यांमधील २७६ मुलांवर असाच प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१५ साली आले, आणि तेथे खेळलेल्या मुलांच्या स्वनियमनात वाढ आढळली. ज्यांची घरची भाषा इंग्रजी नव्हती, त्या मुलांच्या गणितातही प्रगती दिसली. घरी मराठी किंवा वारली आणि शाळेत दुसरीच भाषा अशी स्थिती असलेल्या मुलांच्या शिक्षकांनी या शेवटच्या निष्कर्षाची नोंद घ्यावी, जरी एका अभ्यासावरून इमला उभारणे योग्य नव्हे.

पहिल्या अभ्यासातील तो निष्कर्ष, म्हणजे मागे असलेल्या मुलांना अधिक लाभ होतो हा, मनात ठेवून आपले खेळ पाहिले की एक अडचणीची गोष्ट दिसते. तळ्यात-मळ्यात, ‘शिवाजी म्हणतो’, ‘चिमणी उड, कावळा उड, म्हैस उड’ हे तिन्ही खेळ थांबण्याच्या सरावासाठी जणू बेतूनच तयार केलेले आहेत. ‘शिवाजी म्हणतो, हात वर करा’ म्हटले तर हात वर करायचे आणि नुसतेच ‘हात वर करा’ म्हटले तर हलायचे नाही. म्हणजे आज्ञा ऐकताच ती पाळण्याची ऊर्मी अडवून आधी तिचा उगम तपासायचा. ‘चिमणी उड’मध्ये प्रत्येक उडणाऱ्या प्राण्याबरोबर बोट वर जाते आणि ‘म्हैस उड’ म्हटल्यावर ते जमिनीला चिकटलेले राहिले पाहिजे. ओरेगनच्या संशोधकांना हे खेळ दाखवले असते तर त्यांनी ते आनंदाने उचलले असते. पण हे खेळ आपण खेळतो कसे? जो चुकला तो बाद. पहिल्या तीन फेऱ्यांत बाद होऊन भिंतीला टेकून बसणारे मूल कोण असते? ज्याला थांबणे सर्वांत कमी जमते ते. म्हणजे ज्याला सरावाची गरज सर्वांत जास्त, त्याला सराव सर्वांत कमी मिळतो, आणि शेवटी राहिलेली दोन पटाईत मुले आपापसांत आणखी पाच मिनिटे सराव करतात. शिवाय बाद झालेले मूल भिंतीपाशी बसून जे काही करते त्यासाठी त्याला ओरडाही बसतो.

यावर तोडगा शोधायला परदेशी जाण्याची गरज नाही, कारण तो आपल्या गल्लीतल्या मुलांनी केव्हाच शोधलेला आहे. मोठ्या मुलांच्या खेळात धाकटे भावंड घुसले की त्याला ‘कच्चे लिंबू’ म्हणून घेतात: ते खेळते, चुकते, पण बाद होत नाही आणि त्याच्यावर राज्य येत नाही. बालवाडीत सगळ्यांनाच कच्चे लिंबू मानून हे खेळ खेळावेत. चुकलेल्या मुलाने एकदा टाळी वाजवायची, किंवा ‘अरेच्चा!’ म्हणायचे, आणि पुन्हा रेघेवर यायचे. या ‘अरेच्चा’ला मी महत्त्व देतो, कारण चूक दुसऱ्याने दाखवण्याआधी ती स्वतःच्या लक्षात येणे ही आवरण्याची पहिली पायरी आहे. स्पर्धेवाचून मुलांना मजा येणार नाही, अशी शंका काही ताई बोलून दाखवतात. सहा-सात वर्षांच्या पुढे ती काही अंशी खरी ठरते. त्याआधीच्या वयात मुलांना उडी मारण्याचीच मजा असते, जिंकण्याची कल्पना बहुधा मोठ्यांनी आणलेली असते.

खेळाच्या ताकदीचे दुसरे रहस्य भूमिकेत आहे. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हायगॉट्स्की यांनी १९३३ साली दिलेल्या एका व्याख्यानात असे मांडले की, खेळात मूल आपल्या वयाच्या एक डोके वर असते. नटून-सजून ‘घर-घर’ खेळणारी मुले मोकळी असतात असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात आई झालेल्या मुलीला आईच्या नियमाने वागावे लागते आणि बाळ झालेल्याने उठून पळायचे नसते. व्हायगॉट्स्की यांच्या पुढच्या पिढीतील संशोधक मनुइलेंको यांनी १९४८ साली याची परीक्षा घेतली. मुलांना नुसते ‘न हलता उभे राहा’ सांगितले तेव्हा ती लवकर हलली, आणि ‘तू पहारेकरी आहेस’ अशी भूमिका खेळात दिली तेव्हा तीच जास्त वेळ स्थिर उभी राहू शकली. अलीकडे, २०१७ साली, अमेरिकेत चार आणि सहा वर्षांच्या १८० मुलांना एक रटाळ काम देऊन शेजारी आयपॅडवरच्या खेळाचा मोह ठेवला गेला. स्वतःला बॅटमॅन किंवा तशाच एखाद्या आवडत्या पात्राच्या रूपात कल्पून ‘बॅटमॅन मन लावून काम करतोय ना?’ असे मधूनमधून विचारणारी मुले कामाला सर्वांत जास्त वेळ टिकली. भूमिका घेतली की मूल स्वतःपासून एक पाऊल लांब जाते आणि लांबून स्वतःला सांभाळणे सोपे पडते, असा त्याचा एक अर्थ लावला जातो.

बॅटमॅनच हवा असे अर्थातच नाही. दिवाळीत मातीचा किल्ला बांधून त्यावर मावळे मांडणाऱ्या मुलांना गडाच्या दरवाजावरचा पहारेकरी समजावून सांगावा लागत नाही. हात धुण्याच्या रांगेत ‘सरळ उभे राहा’ म्हणण्याऐवजी ‘आज आपण गडाचे पहारेकरी’ असे म्हटले तर रांग किती वेळ टिकते, हे कोणत्याही ताईंनी करून पाहावे. फक्त रोज तीच युक्ती केली तर आठवडाभरात पहारेकऱ्यांचे बंड होते. तेव्हा कधी शेतातले बुजगावणे व्हावे, तर कधी पाण्यात एका पायावर उभा राहिलेला बगळा.

उड्या मारून आवरायला शिकवणारे खेळ एकीकडे, तर शांततेचा खेळ दुसरीकडे. मारिया मॉन्टेसरी यांनी रोममधील सान लोरेन्झो वस्तीत ६ जानेवारी १९०७ रोजी आपले पहिले बालगृह सुरू केले. तेथे एकदा मॉन्टेसरी चार महिन्यांच्या एका तान्ह्या बाळाला घेऊन वर्गात आल्या आणि हे बाळ किती शांत आहे, इतके शांत तुम्हाला राहता येईल का, असे त्यांनी मुलांना विचारले. मुलांनी ते आव्हान म्हणून घेतले: पाय स्थिर झाले, श्वास हळू झाला, आणि एरवी कधी न ऐकू येणारे बारीक आवाज वर्गात ऐकू येऊ लागले. त्यातून शांततेचा खेळ तयार झाला. मुले स्तब्ध बसतात, शिक्षिका दुसऱ्या खोलीत जाऊन एकेकाचे नाव कुजबुजत्या आवाजात पुकारते, आणि ज्याचे नाव येईल त्याने खुर्ची-टेबलाला धक्का न लावता, पावलांचा आवाज न करता तिच्यापाशी जायचे. चाळीस मुलांच्या वर्गात शेवटचे नाव येईपर्यंत थांबणे हे किती मोठे काम आहे, याचा विचार करावा. ‘तोंडावर बोट’ आणि हा खेळ बाहेरून सारखेच दिसतात, दोन्हींत शांतता असते. फरक असा की येथे मूल काहीतरी ऐकण्यासाठी शांत असते.

मॉन्टेसरींची पद्धत आपल्याकडे आणली ती गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी, आधी भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात. १९२६ साली त्यांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापला, आणि १९४५ साली ताराबाईंनी बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केले, ज्यात अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. महागडी साधने परवडणार नाहीत हे ओळखून त्यांनी बिया, शंख-शिंपले, पाने, माती अशा आसपासच्या वस्तूंना शैक्षणिक साधनांची जागा दिली आणि मुले शाळेत येत नसतील तर शाळा त्यांच्या अंगणात न्यावी असे ठरवले. अंगणवाडी या शब्दामागे ती कल्पना आहे. आजच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षांचा टप्पा खेळाधारित असावा असे म्हटले आहे, ते वाचताना ताराबाई आणि अनुताईंनी जेथे काम केले त्या बोर्डी-कोसबाडच्या टेकड्या आठवतात.

आता थोडे सावधगिरीचे. स्वतःला आवरण्याच्या क्षमतेवर इतका भर का दिला जातो, याचे एक कारण म्हणजे न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे १९७२-७३ साली जन्मलेल्या हजाराहून थोड्या अधिक मुलांचा दीर्घ अभ्यास. बालपणी ज्यांचा स्वतःवर ताबा कमी होता, त्यांना वयाच्या बत्तिशीत आरोग्याच्या, पैशाच्या आणि कायद्याच्या अडचणी अधिक आल्या, असे त्यात २०११ साली दाखवले गेले. दुसरे, त्याहून प्रसिद्ध कारण म्हणजे वॉल्टर मिशेल यांचा मार्शमेलोचा प्रयोग: समोरची एक मिठाई लगेच खा, किंवा थांबलास तर दोन मिळतील. जी मुले थांबली ती पुढे यशस्वी झाली, असे त्याचे तात्पर्य भाषणांतून इतके फिरले की मूळ प्रयोग मागेच राहिला. २०१८ साली ९०० हून अधिक मुलांच्या माहितीवर हा संबंध पुन्हा तपासला गेला तेव्हा तो मुळातच कमी भरला, आणि घरची परिस्थिती व पालकांचे शिक्षण हिशेबात घेतल्यावर आणखी बराच घटला.

त्याहून बोलका प्रयोग २०१३ सालचा आहे. रोचेस्टर विद्यापीठात २८ मुलांना आधी चित्रे रंगवायला बसवले आणि ‘थांब, मी तुझ्यासाठी आणखी छान रंग आणते’ असे वचन दिले. निम्म्या मुलांच्या बाबतीत ते पाळले, निम्म्यांच्या बाबतीत ‘अरे, नाहीच आहेत’ म्हणून मोडले. मग मार्शमेलो ठेवला. ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला होता ती मुले सरासरी १२ मिनिटे थांबली. ज्यांना फसवले गेले होते ती सुमारे ३ मिनिटे. फसवल्या गेलेल्या मुलांना संयम नव्हता असे म्हणता येईल का? ज्या माणसाचा भरवसा नाही, त्याच्यासाठी थांबणे हा शहाणपणा नाही, एवढे त्यांना कळले होते. म्हणून वर्गात ‘उद्या तुझी पाळी’ असे सांगितले तर दुसऱ्या दिवशी ती पाळी यायलाच हवी. एका वहीत चार नावे लिहून ठेवण्याचे हे काम कोणत्याही खेळाइतकेच संयम शिकवणारे आहे. उपाशी आलेल्या, रात्री नीट न झोपलेल्या किंवा घरात मार खाल्लेल्या मुलाला तळ्यात-मळ्यात जमले नाही तर दोष त्याच्या मेंदूच्या पुढच्या भागाला देऊ नये.

खेळातला आवर खेळाबाहेर किती उतरतो, हाही कळीचा मुद्दा आहे. भूमिकाखेळांवर उभारलेल्या ‘टूल्स ऑफ द माइंड’ या अमेरिकी बालवाडी अभ्यासक्रमाचे २००७ साली फार चांगले निष्कर्ष आले. नंतरच्या मोठ्या पाहण्यांत ते तसे आढळले नाहीत. आठवड्यातून एकदा, ‘आज संयमाचा तास’ म्हणून खेळ घेतले आणि उरलेला वेळ हाताची घडी घालून बसवले, तर काय उतरणार? खेळातला शब्द दिवसभराच्या व्यवहारात आणला तर काहीतरी उतरण्याची शक्यता वाढते. दोन मुले एका चेंडूवर तुटून पडली असताना ‘भांडू नका’ म्हणण्यापेक्षा ‘स्टॅच्यू!’ म्हटले की हात थबकतात, आणि त्या थबकण्यात ‘आता कोणाची पाळी?’ हे विचारायला जागा मिळते.

प्रत्यक्षात वर्गात बसवताना काही गोष्टी उपयोगी पडतात. पाच ते दहा मिनिटे पुरतात. दिवसातून दोनदा घेतलेला छोटा खेळ आठवड्यातल्या एका लांबलचक खेळापेक्षा बरा. अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांची मुले एकाच खोलीत असतात, तेथे लहानग्यांनी साधा नियम आणि मोठ्यांनी उलटा नियम पाळायचा, असे एकाच वर्तुळात चालू शकते. मोठ्यांना हे अधिकच कठीण जाते, कारण शेजारची लहानगी त्यांच्या विरुद्ध दिशेने उड्या मारत असतात. चाळीस मुले असतील तर निम्म्यांनी खेळावे आणि निम्म्यांनी पंच व्हावे, पण पंचांना टाळी वाजवण्याचे काम हवे, नाहीतर ती दोन मिनिटांत दुसराच खेळ सुरू करतात. आणि ‘मामाचे पत्र हरवले’सारखा खेळ, ज्यात बहुतेक वेळ नुसते बसून पाठीमागे रुमाल पडला का एवढेच पाहायचे असते, तो तीन वर्षांच्यांना फार लवकर देऊ नये, थांबणे इतके लांब असेल तर तो खेळ राहत नाही.

आणि राज्य मुलांकडे द्यावे. शब्द उच्चारणारा कोणी वेगळा असतो तोवर मूल फक्त उत्तर देत असते. स्वतः शब्द उच्चारायला लागले की त्याला इतरांच्या अपेक्षेचा अंदाज घ्यावा लागतो, कोठे चकवायचे हे ठरवावे लागते आणि तोंडाने ‘तळ्यात’ म्हणताना पाय मात्र जागेवर ठेवावे लागतात. सुरुवातीला सांगितलेल्या त्या मुलीकडे एके दिवशी राज्य आले. तिने मोठ्या ऐटीत ‘तळ्यात!’ म्हटले आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच तळ्यात उडी मारली. मुले हसली, ती चिडली, पुन्हा बाहेर आली, पुन्हा ‘तळ्यात’ म्हणाली आणि पुन्हा आत. दुसऱ्या दिवशी तिने ताईंकडे राज्य मागून घेतले, पडवीच्या खांबापाशी गेली, दोन्ही हातांनी खांबाला घट्ट मिठी मारली आणि मग पहिला शब्द उच्चारला.